तुमच्याच आहेत, साहेब

मुंबईत डासालाही मालक असतो. रस्त्यावरच्या कुत्र्यांना नसतो, उभ्या करून विसरलेल्या स्कूटरना नसतो, पण डासाला असतो. ज्याच्या जागेत पाणी साचलं आणि त्यात अळ्या झाल्या, तो त्या अळ्यांचा पालक. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३८१ ब खाली त्याला नोटीस निघते आणि २,००० ते १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे मला तोंडपाठ आहे, कारण आमच्या सोसायटीच्या फलकावर हे मीच टाइप करून लावलं होतं.

मी सेक्रेटरी कसा झालो, हा वेगळा विषय. (वार्षिक सभेला गेलो नव्हतो.) पण झाल्यावर मात्र पद मनावर घेतलं. पावसाळा तोंडावर आला तसा डासांवर वाचायला बसलो आणि वाचलेलं पोटात ठेवणं मला जमत नाही. मूळ कायदा १८८८ चा, आणि डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी रोनाल्ड रॉसला दिसला तो २० ऑगस्ट १८९७ रोजी, सिकंदराबादेत. म्हणजे डासांचं हे 'ब' कलम मागाहून शिरलेलं असणार, हा माझा शोध मी पहिल्या मजल्यावरच्या काकूंना जिन्यात थांबवून सांगितला. त्यांच्या दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या होत्या. त्या "हो का" म्हणाल्या, तो मला उत्साह वाटला.

मग सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सुप्रभातच्या गुलाबांमध्ये माझे अळ्यांचे फोटो येऊ लागले. डेंग्यूची एडिस मादी गटाराकडे ढुंकून बघत नाही, तिला साठवलेलं, स्वच्छ पाणी लागतं. बाटलीच्या बुचात मावेल एवढंही पुरतं. अंड्यापासून डास उडेपर्यंत साधारण आठवडा-दहा दिवस. शिवाय अंडी सुकली तरी कित्येक महिने तग धरतात, म्हणून भांडं नुसतं उपडं करून भागत नाही, आतून घासावं लागतं. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, असं मी लिहिलं, त्यावर तिसऱ्या मजल्यावरून कोणीतरी विचारलं की दुकानं किती वाजता बंद होणार. अशा लोकांसाठीच मी परिपत्रकाला शेवटचं कलम जोडलं: 'ज्या सभासदाच्या घरी अळ्या आढळतील त्याने दंड स्वतः भरावा. तसेच त्याचे नाव ठळक अक्षरांत फलकावर लावण्यात येईल. आदेशावरून, सचिव.' आदेश कोणाचा, हे कोणी विचारलं नाही.

पालिकेचा माणूस आला तेव्हा मी त्याच्याबरोबर घरोघर फिरलो. खरं तर माझं काही काम नव्हतं. गच्चीपासून सुरुवात केली. टाक्यांची झाकणं घट्ट, वर चढायला लोखंडी शिडी, ओव्हरफ्लोच्या पाइपाला जाळी. जाळीच्या खर्चावरून सभेत माझे वाभाडे निघाले होते, म्हणून ती मी त्याला दोनदा दाखवली. मग मजले. काकूंकडे बादल्या उपड्या, मटकाही उपडा, पाणी प्यायला मिळेल की नाही अशी शंका यावी इतकं घर कोरडं. चौथ्या मजल्यावरच्या निवृत्त बँकवाल्यांनी कुंड्यांखालच्या ताटल्यांत वाळू भरून ठेवली होती. "तुमच्या मेसेजमध्येच होतं," ते म्हणाले. मी हिरमुसलो. एका बाल्कनीत ताटलीत पाणी चमकलं तेव्हा जरा जीव आला, पण त्यानं टॉर्च मारला आणि म्हणाला, "आजचंच आहे."

शेवटी आमचं घर. तपासायला नाही, चहाला बोलावलं होतं.

चहा होईपर्यंत तो स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. त्याची नजर फ्रिजवर गेली. "मागचा ट्रे बघू?" फ्रिजला मागे ट्रे असतो, हे त्या क्षणापर्यंत मला ठाऊक नव्हतं. त्यानं फ्रिज भिंतीपासून वीतभर ओढला, गुडघ्यावर बसला, हात आत घातला आणि बोटांनी चाचपून काळा प्लॅस्टिकचा ट्रे अलगद पुढे घेतला. कॉम्प्रेसरवरचा. तळाला धुळीची लोकर, कडेला एक जुनी लवंग आणि मधे दोन बोटं कोमट पाणी. टॉर्च पडताच पाण्यातल्या स्वल्पविरामांनी अंग झटकलं आणि सगळे तळाकडे पळाले. थोड्या वेळानं एकेक करून पुन्हा वर आले, शेपटीकडची नळी पाण्याच्या वर काढून श्वास घ्यायला. ते शेपटीनं श्वास घेतात, हेही मी ग्रुपवर लिहिलेलं होतं.

त्यानं थोड्या अळ्या काचेच्या छोट्या बाटलीत घेतल्या आणि उजेडात धरल्या. "एडिस. तुमच्याच आहेत, साहेब."

"फ्रिजच्या मागे साफ करा म्हणून मी दिवाळीपासून सांगतेय," ही म्हणाली. चहा मात्र तिनं फक्त त्याला दिला.

नोटीस माझ्या नावावर निघाली. संध्याकाळी फलकासमोर गर्दी होती. ठळक अक्षरांचा प्रश्न निघाला तेव्हा काकूंनी पिशवीतून मार्कर काढला. नेहमी ठेवतात म्हणे.

गेलेली अब्रू परत मिळवायला मला उंदीर सापडले. मीटर रूममध्ये त्यांचा वावर होताच, आणि विषय भारदस्त होता: १८९६ साली मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला, तेव्हापासून हे शहर उंदरांना वचकून आहे. आजही पावसाचं पाणी तुंबलं की उंदराच्या मुतातून लेप्टोचं भय असतं. त्याचे पुढचे दात जन्मभर वाढतात, म्हणून तो वायरी कुरतडतो. आणि जेमतेम दोन सेंटिमीटरच्या भोकातून घुसतो. मुंबईत रात्रपाळीला काठीनं उंदीर मारणारे पालिकेचे कामगार आहेत, रात्रीला तीस उंदीर हा त्यांचा ठरलेला कोटा. मला एका उंदरावर भागणार होतं. या वेळी परिपत्रक काढलं नाही. हार्डवेअरच्या दुकानातून पिंजरा आणला आणि हुकाला बटाटाभजं अडकवलं.

सकाळी तो आत होता. चांगला गलेलठ्ठ, आणि भजं संपवून मिशा साफ करत बसलेला. पुढचं काय ते मी ठरवायच्या आतच ही म्हणाली, "गणपती पंधरा दिवसांवर आलेत. त्याच्या वाहनाला या घरातून मारायचं नाही." वाद घालण्याइतकी पत माझ्याकडे त्या महिन्यात उरली नव्हती. तेव्हा दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत, पिंजरा कापडी पिशवीत घालून मी समोरच्या संकुलापलीकडच्या नाल्याकडे निघालो. वाटेत दूधवाला भेटला. "एवढ्या सकाळी, साहेब?" मी "मंडई" म्हणालो. पिशवीतून खुडबुड ऐकू आली.

नाल्याच्या कठड्याशी एक गृहस्थ आधीच उभे होते. टी-शर्ट, स्पोर्ट्स शूज, हातात कापडी पिशवी. मला बघून त्यांनी पिशवी पाठीमागे घेतली, माझी बघितली आणि पुन्हा पुढे आणली. समोरच्याच संकुलाचे सेक्रेटरी निघाले. त्यांच्याही घरी गणपती. आम्ही दोघांनी पिंजऱ्यांची दारं उघडली. त्यांचा आमच्या बाजूला पळाला, माझा त्यांच्या. दोघांनाही रस्ता माहीत असल्यासारखे गेले.

"काय लावता?" त्यांनी विचारलं.

"बटाटाभजी."

"कांदाभजी लावून बघा. आमच्याकडून येतात ते कांद्याचेच आहेत."