आमचा टेनर

इंग्लंडातल्या कुठल्याही हौशी कॉयरमध्ये डोकावा. सोप्रानो पंचवीस, आल्टो वीस, आम्ही खर्जवाले दहा-बारा आणि टेनर चार. त्या चारांत हा असतोच.

यंदा आमच्याकडे बेंजामिन ब्रिटनचं 'वॉर रेक्वियम' आहे. 14 नोव्हेंबर 1940 च्या रात्री जर्मन बॉम्बहल्ल्यात कॉव्हेंट्रीचं कॅथीड्रल जळालं. त्याच्या शेजारी नवं उभं राहिलं, तेव्हा 30 मे 1962 ला तिथे हे पहिल्यांदा गायलं गेलं. लॅटिन प्रार्थनेच्या मधेमधे विल्फ्रेड ओवेनच्या युद्धकविता. हा ओवेन 1918 मध्ये युद्धबंदीच्या अवघा आठवडाभर आधी मारला गेला. चहाच्या सुट्टीत टेनर हे सांगतो तेव्हा त्याचे डोळे खरोखर भरून येतात. मग कप ठेवून तो आत येतो आणि बघतो तर त्याच्या खुर्चीवर दुसरंच कुणीतरी!

रेडिएटरजवळची ती खुर्ची त्याची आहे, असं निदान तो तरी म्हणतो. मग सोप्रानोंनी खिडकी उघडायची, त्याने लावायची, आणि आल्टोंनी दोघांनाही सुनवायचं. मानवजातीला चिरशांती मिळावी म्हणून आमची तालीम पंधरा मिनिटं उशिरा पुन्हा सुरू होते.

सुरुवातीलाच कोरसच्या वाट्याला दोनच सूर: सा आणि तीव्र मध्यम. जीव पंचमासाठी तळमळतो, पण तिथे जायचं नाही. ही अस्वस्थताच तर ब्रिटनला हवी आहे. टेनर मात्र हळूच पंचमाकडे सरकतो. कंडक्टरकडे बघायची आठवण म्हणून गायक स्वरलिपीवर पेन्सिलीने चष्मा काढतात. याच्या प्रतीत पानोपानी चष्मे आहेत, पण याची मान काही वर होत नाही.

जागेवरून त्याला बोललं की दाखला तयार. ब्रिटनला रशियन, इंग्रज आणि जर्मन असे तीन गायक एकत्र हवे होते. 1962 मध्ये सोव्हिएत सरकारने गालिना विश्नेव्स्कायाला येऊच दिलं नाही. 1963 च्या जानेवारीत ती रेकॉर्डिंगला लंडनला आली, तर तिला पुरुष गायकांपासून दूर, कोरसजवळ उभं केलं. बाईंनी जमिनीवर पडून किंकाळ्या फोडल्या! "म्हणजे बघा," टेनर म्हणतो, "जागेचा प्रश्न शांतिसंगीतात पहिल्यापासूनच आहे."

अगदी शेवटी वाद्यं थांबतात. कोरस एकटा, अतिशय हळू आवाजात, तासाभराहून जास्त लोंबकळत ठेवलेले ते दोन सूर अखेर घरी पोचवतो. या क्षणी टेनरचा आवाज कधी नव्हे तो बरोबर आणि इतका मऊ लागतो की शेजारी उभा मी श्वास घ्यायचा विसरतो.

त्याला काढायचं आम्ही दर सप्टेंबरात ठरवतो. मग हजेरी घेतो, टेनर मोजतो, आणि रेडिएटरजवळची खुर्ची त्याच्यासाठी पुसून ठेवतो.