डाव्या दाराच्या दिव्यास, कारणे दाखवा

प्रति,
मा. दिवा,
डावे पुढचे दार (खालची बाजू),
मुक्काम नांदेड, अधूनमधून लातूर.

विषय : दार उघडले असता न लागणेबाबत.

संदर्भ : लातूरच्या आत्यांचे तोंडी निवेदन, तसेच निरनिराळ्या मिस्त्र्यांचे परस्परांशी न जुळणारे अहवाल.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून आपणास कळविण्यात येते की, दार उघडले की लागणे व मिटले की विझणे, एवढ्या एकाच कामासाठी आपली नेमणूक झालेली आहे. गाडी ओढणे, हॉर्न वाजविणे किंवा पेट्रोलचा काटा दाखवून मालकाच्या पोटात गोळा आणणे यांपैकी कोणतीही जबाबदारी आपल्याकडे नाही. असे असताना गेल्या पावसाळ्यापासून आपण कामावर हजर असूनही काम करीत नसल्याचे निदर्शनास आले आहे. पत्र बंद पाकिटातून पाठवले असते, पण ते फोडून वाचायला आपल्याकडे उजेड नाही, म्हणून खुले पाठवीत आहे.

कार्यालयीन भाषा इथेच आवरती घेतो, कारण बोलायचं बरंच आहे.

तुमचं नाव गाडीच्या माहितीपत्रकात पार शेवटच्या पानावर, कप ठेवायच्या खाचेच्या शेजारी असतं. शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर तुमचा उपयोग कुणाला कळणार? त्यासाठी नांदेडात पाऊस पडून गेल्यावर, पाइपलाइनसाठी खोदून नुसती माती लोटलेल्या गल्लीत रात्री दार उघडावं लागतं. खाली चिखल आहे, खडी आहे की झाकण गेलेली नाली, हे सांगणारं तिथे दुसरं कोणी नसतं. खांबावरचा दिवा म्हणाल, तर तो तुमच्याच संघटनेचा जुना सभासद.

लातूरला एका लग्नाहून आत्यांना घरी सोडलं, तेव्हा त्यांनी दार उघडून एक पाय बाहेर काढला आणि तसाच हवेत धरला. "खाली काय हाय रं? काहीच दिसंना." मी मोबाईलचा टॉर्च शोधेपर्यंत एक चप्पल नालीत गेली होती. लग्नासाठी घेतलेली नवी चप्पल. तेव्हापासून भावकीत आमच्या गाडीला आंधळी गाडी म्हणतात आणि लग्नपत्रिका देताना "येताना बॅटरी घिऊन या" असं बजावतात.

आपल्याकडे काहीही बंद पडलं की पहिली कारवाई समोर दिसेल त्याच्यावर होते. डीपी जळते लांब शिवारात आणि घेराव पडतो गावात राहणाऱ्या वायरमनला, कारण तोच तेवढा सापडतो. तुमच्या बाबतीत तेच झालं. "बलब गेलाय, दुसरं काय!" हे निदान गाडी पूर्ण थांबायच्या आतच मिळायचं. तुमच्या तोंडावरचं प्लास्टिकचं झाकण स्क्रू-ड्रायव्हरने उचकटायचं, जुना बल्ब ओढून काढायचा, नवा खुपसायचा, तो लागला नाही की "होल्डर लूज हाय" म्हणून दोन थपडा मारायच्या. काढलेला बल्ब उजेडाकडे धरून आतली बारीक तार शाबूत आहे की तुटलेली, एवढं बघायची तसदी कोणी घेतली नाही. उजव्या दारात तुमचा जुळा भाऊ रोज इमानेइतबारे लागतो. त्याच्या जागी तुम्हाला घटकाभर बसवलं असतं तर तिथे तुम्ही लख्ख पेटला असता आणि तुमच्यावरचा आरोप जागीच मिटला असता.

एका हौशी दुकानात तर तुमच्या जागी निळसर एलईडी बसवली. तीही लागली नाही, तेव्हा दुकानदाराने "पूर्ण वायरिंगच गेलंय" असा पंचनामा करून टाकला. जुन्या तारेच्या बल्बला अधिक-उणे कळत नाही, तो कसाही बसवला तरी चालतो. साध्या एलईडीला मात्र ते कळतं, म्हणून उलटी बसली की ती मख्ख राहते. काढून फिरवून बसवायची, इतकंच करायचं असतं. तुमच्याकडे खरी अडचण वेगळीच होती, त्यामुळे फिरवूनही ती लागली नसती, हा भाग निराळा. पण फिरवून न बघताच अख्ख्या वायरिंगचा मृत्यूचा दाखला लिहिणं मला जरा घाईचं वाटलं.

मग सिद्धांत सुरू झाले. लातूरच्या एका पाहुण्यांनी ठामपणे सांगितलं की, दाराच्या पोटात पाणी साचलंय. ज्या लातूरला एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून 'जलदूत' रेल्वेने पाणी आणून पाजावं लागलं, तिथल्या माणसाने पाणी जास्त झाल्याची तक्रार करावी, याचा मला खरं तर आनंदच झाला. आणि सिद्धांत अगदीच वाया गेलेला नव्हता. खिडकीच्या काचेला चिकटून थोडं पाणी दारात उतरतंच. ते बाहेर जावं म्हणून दाराच्या खालच्या कडेला भोकं ठेवलेली असतात. आपल्या काळ्या मातीचा चिखल त्यांत बसून वाळला की ती बुजतात, मग आत डबकं होतं आणि कपलरच्या पिनांवर हिरवा गंज चढतो. आमच्या दाराची भोकं काडी घालून पाहिली. मोकळी होती.

नांदेडच्या शेजाऱ्यांचा संशय उंदरावर. इंजिनावर डांबराच्या गोळ्या ठेवायचा आणि बॉनेटखाली तंबाखू पसरायचा सल्ला त्यांनी दिला. त्यातून एवढंच निष्पन्न झालं की काही दिवस गाडीला पानपट्टीचा वास येत होता.

शेवटी सुशिक्षित वर्ग आला. एसी गॅरेज, टाय घातलेला सल्लागार, गाडीला लावायचं स्कॅनर. तिथे कळलं की दार उघडं असल्याची बातमी आता दाराच्या लॉकमधला इवलासा स्विच आधी एका मॉड्यूलला कळवतो. मॉड्यूल विचार करतं, मग छतातला दिवा लागतो आणि डॅशबोर्डवर उघड्या दाराचं लाल चित्र उमटतं. गाडीतल्या अवयवांनी आपसात बोलावं म्हणून बॉश कंपनीने 1986 साली कॅन नावाची पद्धत जाहीर केली. तेव्हापासून गाडीच्या आत बोलणारे वाढत गेले आणि गाडीचं ऐकून घेणारे कमी झाले. स्कॅनरवर एकही दोष दिसला नाही. त्यावरून मॉड्यूलच खराब असल्याचा निष्कर्ष काढण्यात आला आणि त्याच्या किमतीचा कागद माझ्या हाती दिला गेला. तो आकडा मी इथे लिहीत नाही, आत्यांच्या वाचनात हे पत्र येऊ शकतं.

नांदेडचे मिस्त्री म्हणाले, लातूरकरांनी हात घालून घाण केली. लातूरचे म्हणाले, नांदेडला जाऊन आलेली गाडी आम्ही उघडतच नसतो. विभागीय आयुक्तालय कुणाकडे असावं यावर जी दोन शहरं भांडली, त्यांच्यात तुमच्यावरून समेट होईल अशी माझी अपेक्षाही नव्हती. एका मुद्द्यावर मात्र दोन्हीकडे पूर्ण एकमत होतं : आधी बल्ब बदलून बघू.

आता गंमत पाहा. तपासाचं निम्मं काम गाडीने स्वतःच करून ठेवलं होतं. डावं दार उघडलं की छतातला दिवा लागत होता आणि डॅशबोर्डवर लाल चित्र येत होतं. म्हणजे लॉकमधला स्विच निर्दोष आणि बातमी मॉड्यूलपर्यंत पोहोचतेय. उजव्या दारातला तुमचा भाऊ लागत होता आणि तुम्हा दोघांचा फ्यूज एकच, म्हणजे फ्यूज निर्दोष. राहिला तुमचा बल्ब आणि तुमच्याकडे येणाऱ्या दोन वायरी. हातात पाना न घेता, गाडीभोवती एक फेरी मारून एवढं कळतं. पण फेरीचं बिल होत नाही, बिल होतं ते बदललेल्या वस्तूचं. मिस्त्र्याला तरी काय बोल लावणार? विचार करायचे पैसे मागितले तर आपणच त्याला "नुसतं बघितलं की राव तुम्ही" म्हणून ऐकवतो.

तुमचा खरा वैद्य भेटला अहमदपूरला. नांदेड–लातूर रस्त्यावर, पत्र्याच्या शेडमध्ये, मुख्यतः ट्रॅक्टरची वायरिंग करणारा. ऊस तोडणीच्या हंगामात या रस्त्यांवर रात्री दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर चालतात आणि त्यांतल्या कित्येकांना मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. त्यांचा जीव ज्या दिव्यावर अवलंबून आहे तो लावायला ते थांबत नाहीत आणि मी चपलेसाठी थांबलोय, हे मिस्त्र्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येत होतं. पण तो बोलला काहीच नाही.

त्याचं हत्यार म्हणजे एक जुना बल्ब, त्याला दोन वायरी, एकीच्या टोकाला चिमटा, दुसरीच्या टोकाला सुई. चिमटा त्याने गाडीच्या पत्र्याला लावला आणि सुई तुमच्या होल्डरच्या एका पत्तीला टेकवली. त्याचा बल्ब पेटला. मग पोराकडून बॅटरीपासून एक लांब वायर आणवली, चिमटा तिच्या टोकाला अडकवला आणि सुई दुसऱ्या पत्तीला लावली. अंधार. "करंट हाय. अर्थिंग न्हाई," एवढंच तो म्हणाला आणि तुमच्याकडे पाठ करून दाराच्या बिजागरीकडे गेला. तुमच्याकडे पाठ करणारा हा पहिलाच.

तिथे दार आणि गाडी यांच्यामध्ये रबराची सुरकुतलेली नळी असते. दारातल्या सगळ्या वायरी तिच्यातून जातात : काचेची, लॉकची, स्पीकरची, तुमची. त्याने दार हळूहळू, बोटा-बोटाने हलवायला सुरुवात केली. पूर्ण उघडं, अंधार. अर्धं, अंधार. त्याच्या किंचित अलीकडे आल्यावर तुम्ही एकदम पेटलात आणि लगेच विझलात. "हितं लागूलालाय बघा," पोरगं ओरडलं. मिस्त्र्याने नळी एका बाजूने सोलून मागे सारली आणि आतली एकेक वायर चिमटीत धरून अलगद ओढली. बाकीच्या ताठ राहिल्या. एक काळी वायर रबरासारखी लांबली. वरचं प्लास्टिक धडधाकट आणि आत तांब्याचा पत्ता नाही. ब्लेडने चिरून दाखवलं : आतल्या बारीक तारा तुटून दोन्हीकडे मागे सरकलेल्या, टोकं हिरवी पडलेली.

कारण तसं सोपं आहे. तांबं वाकवलं, सरळ केलं, पुन्हा वाकवलं की ते कडक होत जातं आणि एक दिवस तुटतं. दार दिवसाला दहादा उघडलं तरी वर्षाला साडेतीन हजारांच्या वर वाकणी होतात, तीही दरवेळी त्याच जागी. आतल्या तारा एकेक करून जातात. शेवटच्या दोन-चार उरतात तेव्हा दिवा कधी लागतो, कधी नाही, आणि मालकाला वाटतं दिव्याचा स्वभावच लहरी आहे.

मिस्त्र्याने तुटका भाग कापून टाकला आणि मध्ये चार बोटं जास्तीची मऊ, बहुतारी वायर घातली, म्हणजे वाकताना ताण येऊ नये. डाग दिला, स्लीव्ह चढवली, नळी जागेवर बसवली. हीच चार बोटं कारखान्यात जास्त सोडली असती तर काय बिघडलं असतं, हे मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "मग आमी काय खायाचं?"

तुमच्या पूर्वजांची आठवण त्यामुळेच येते. मोटारीत विजेचे दिवे सर्रास यायला लागले ते 1912 च्या कॅडिलॅकपासून, त्याआधी रॉकेल आणि कार्बाइड. आपल्याकडच्या ॲम्बेसेडरचं मूळ म्हणजे इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. अशा जुन्या गाड्यांत दाराच्या खांबावर बटणासारखा स्विच असायचा, घरातली सगळी पोरं तो अंगठ्याने दाबून दिवा विझवत बसायची. त्याला अर्थिंगची वेगळी वायर नसे, स्क्रूने पत्र्याला टेकला की झालं. दिवे तेव्हाही जायचेच. ब्रिटिश गाड्यांना विजेचं सामान पुरवणाऱ्या ल्युकसला तिकडचे लोक थट्टेने अंधाराचा राजपुत्र म्हणत. पण गेलेला दिवा परत आणायला स्क्रू काढून तो पत्रा पॉलिश पेपरने घासला तरी बहुधा पुरायचं, आणि ते काम गाडीचा मालक लेंग्यावर बसून करू शकायचा.

असो. आता आदेशाकडे वळतो.

सबब, आपल्याविरुद्धची कारवाई रद्द करण्यात येत असून आपणास पूर्वपदावर कायम करण्यात येत आहे. आपल्या जागी आलेले व सदोष ठरवून काढलेले सर्व बल्ब चालू स्थितीत आढळले असून ते समोरच्या कप्प्यात प्रतीक्षेत आहेत, याची नोंद घ्यावी. यापुढे लागण्याइतकेच विझण्याकडेही लक्ष द्यावे. पाच वॅटचा दिवा बारा व्होल्टवर जेमतेम चार दशांश अँपिअर खातो हे खरे, तथापि 35 अँपिअर-तासांची बॅटरी त्या हिशेबाने साडेतीन दिवसांत रिकामी होते, आणि गाडी ढकलायची वेळ त्याच्या कितीतरी आधी येते. ढकलायला आत्या येणार नाहीत.

आपला,
गाडीमालक

प्रत माहितीस्तव व सावधगिरीस्तव : मा. दिवा, उजवे दार. चालकाचे दार सर्वांत जास्त वेळा उघडते. आपली वायरही त्याच वयाची आहे.