कावीळबाबा

कावीळ झालेल्याला सगळं जग पिवळं दिसतं, असं आपल्याकडे म्हणतात. प्रसूतिगृहात मात्र कावीळ बाळाला होते आणि पिवळं बापाला दिसतं. अशा बापाला नर्सबाई आपसात 'कावीळबाबा' म्हणतात.

ओळखायला सोपा. बाळ तीन दिवसांचं, दाढीही तीन दिवसांची. बाळाला खिडकीजवळच्या उजेडात न्यायचं, नाकाचा शेंडा हलकेच दाबायचा आणि बोट उचलताच कातडी पिवळी दिसते का ते बघायचं, हे डॉक्टरांनी त्याला एकदाच शिकवलं. तेव्हापासून बाळाचं, बायकोचं आणि बाकड्यावर डुलकी घेणाऱ्या सासऱ्यांचंही नाक दाबून झालं आहे. सासरे त्याच्याशी बोलत नाहीत.

पूर्ण दिवसांच्या शंभर बाळांपैकी साठेक बाळांना पहिल्या आठवड्यात थोडीफार कावीळ दिसते. हे ऐकून दुसरा कोणी निवांत झाला असता. हा, उरलेल्या चाळिसांत आपला नंबर का लागला नाही, याचा विचार करत बसतो. बाळाच्या जादा तांबड्या पेशी फुटतात, त्यातून बिलिरुबिन तयार होतं आणि कोवळ्या यकृताला ते लगेच निस्तरता येत नाही, हे त्याला आता तोंडपाठ आहे. रिपोर्ट आला की नातेवाइकांचे फोन सुरू. "साडेचौदा!" "काल किती होते?" जणू शतकाला थोडेच बाकी आहेत.

आजी म्हणते, "कोवळ्या उन्हात धरा." डॉक्टर म्हणतात, "नको. उन्हाचं माप ठरत नाही आणि कातडी भाजते." मग हा मोबाइलवर इतिहास काढतो. इंग्लंडमध्ये एसेक्समधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात वॉर्ड नावाच्या सिस्टर काविळीच्या बाळांना अंगणात उन्हात नेत. १९५६ साली त्यांनी डॉक्टरांना एक बाळ दाखवलं. अंग निवळलं होतं, पण चादरीच्या कोपऱ्याखालचा त्रिकोण तेवढा पिवळाच होता. त्यातूनच पुढे दिव्याखालचे उपचार आले. "मी म्हणत होतेच!" आजी म्हणते. दोन्ही पक्ष जिंकले आणि बाळ दिव्याखाली गेलं.

निळ्या उजेडात, डोळ्यांवर पट्टी आणि कमरेला लंगोट, एवढ्याच वेषात ते गोव्याच्या किनाऱ्यावरच्या पाहुण्यासारखं पहुडलं. बाप काचेला नाक लावून तासभर बघत राहिला आणि वळला, तर भिंत पिवळी, नर्स पिवळी, आजीही पिवळी! निळं फार वेळ पाहिलं की पांढऱ्यावरही पिवळी झाक दिसते, एवढंच. पण त्याने तेवढ्यात सगळ्यांच्या तपासण्यांचा खर्च मनात मांडून टाकला होता.

खरं औषध दिव्याइतकंच साधं होतं: दिवसातून आठ ते बारा वेळा अंगावरचं दूध. वरचं पाणी नाही, ग्लुकोज नाही, मध नाही. बिलिरुबिन बाहेर पडतं ते मुख्यतः शीवाटे. चौथ्या दिवशी लंगोट उघडताच बापाने किंकाळी फोडली, "शी पिवळी झाली!"

"पेढे आणा," नर्स म्हणाली. "पांढरट झाली असती तर ओरडायचं."

दोन दिवसांनी आकडा उतरला, बाळ घरी आलं. बारशाला आत्याने हळदी रंगाचं झबलं आणलं. ते अजून कपाटात आहे, घडीसुद्धा मोडलेली नाही.