झाकणाऱ्या बटणास अनावृत पत्र

प्रति,
श्री. ‘अधिक तपशील’ बटण,
मुक्काम : ऑनलाइन अर्जाच्या मधोमध, निळ्या पट्टीच्या उजव्या टोकास.

विषय : आपण पोटात घातलेल्या रकान्यांबाबत.

महोदय,

दाबलं की आपल्या अधिकचं उणे होतं, पुन्हा दाबलं की उण्याचं अधिक. एवढ्याशा हुद्द्यावर एवढी सत्ता आमच्या तळेगावात फक्त एस.टी.च्या वाहतूक नियंत्रकाकडे आहे. पण तो निदान खिडकीत दिसतो, त्याच्याशी भांडता येतं.

आमचं तळेगाव (श्यामजी पंत) नागपूर-अमरावती महामार्गावरचं. इथून आष्टीला नि आर्वीला रस्ते फुटतात, म्हणून आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं कागदपत्रांची पिशवी घेऊन इथंच उतरतात. २०१७ साली कर्जमाफीचे अर्ज ऑनलाइन झाले, १५ ऑगस्ट २०२१ला ई-पीक पाहणी आली, आणि वावरात काय पेरलं तेही पडद्यावर सांगायची सवय लागली. आपली माझी गाठ कोणत्या अर्जात पडली ते लिहीत नाही. आपले भाऊबंद सगळ्याच अर्जांत आहेत.

अर्ध्या वावरात पराटी म्हणजे कपाशी, अर्ध्यात संत्रा, असा एक शेतकरी घ्या. त्यानं चुकून आधी ‘संत्रा’ निवडलं. आपण आनंदानं उघडलात : झाडं किती, वय किती, बहार मृग की आंबिया, ठिबक आहे का? त्यानं झाडांचा आकडा टाकला. मग ध्यानात आलं की अर्ज पराटीचा करायचाय. पीक बदललं, आपण मिटलात, पडदा स्वच्छ. पण आकडा गेला कुठं? कुठंच नाही. आपण फक्त झाकता, पुसत नाही. ‘जतन करा’ दाबलं की कापसाच्या ओळीत संत्र्याची झाडं डेटाबेसात जाऊन उभी राहतात. उद्या कुणी तपासणीला आलं, तर पराटीला संत्री लागली का तेवढं पाहून जाईल.

याहून आपला दुसरा गुण मोठा. ‘बहार’ हा रकाना सक्तीचा ठेवलेला असतो. आपण मिटलात तरी सक्ती मिटत नाही. ब्राउझर त्या रिकाम्या रकान्यात कर्सर न्यायला बघतो, रकाना सापडत नाही, म्हणून तो गप्प बसतो. तक्रार करतो, पण प्रोग्रॅमरच्या खिडकीत आणि इंग्रजीत. इकडं अर्ज भरून देणाऱ्या केंद्रावरचा पोरगा ‘पुढे जा’ दाबून दाबून थकतो आणि म्हणतो, “काका, लाल तं काहीच दिसून नाही राह्यलं, पण पुढं जाऊ नाही देत.” मग दोघं मिळून सर्व्हरला शिव्या घालतात. सर्व्हर बिचारा त्या दिवशी चालू असतो.

आपलं कूळ मला ठाऊक आहे. १९९२ साली मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस आलं, त्यात आपल्यासारख्यांना एका ओळीत जन्म देता येतो : विभाग दिसत असेल तर लपव, लपलेला असेल तर दाखव. ती ओळ लिहिणारा चहाला जातो आणि पुढची नोंद उघडते. माणूस नवा, पण आपली स्थिती आधीच्या माणसाची! त्याला विहीर नव्हती, म्हणून याच्या विहिरीचेही रकाने बंद. नोंद बदलली की आपण नव्यानं ठरवावं, हे काम निराळ्या जागी लिहावं लागतं; क्लिकपाशी लिहून भागत नाही. एक मात्र कबूल. त्याच ॲक्सेसमध्ये ज्या चौकटीत कर्सर उभा आहे ती लपवायला गेलं, तर २१६५ क्रमांकाची चूक येते आणि काम थांबतं. कुणी बोट ठेवलं असेल ती जागा झाकता येत नाही, हा नियम मला फार आवडला. तो आपल्या ऑनलाइन अर्जांत आणला नाही, हे दुर्दैव.

झाकणं वाईट, असं माझं म्हणणं नाही. चाळीस रकाने एकदम अंगावर आले की भला माणूस घाबरतो. कागदी अर्जसुद्धा म्हणायचा, ‘लागू नसेल ते खोडावे’. पण खोडलेलं खालून वाचता यायचं. आणि सातबारा पाहा. जमीन विकली गेली की जुन्या मालकाचं नाव तलाठी पुसत नसे. त्याला कंस करी आणि फेरफाराचा क्रमांक टाकी. नाव निकामी झालं, पण कशानं झालं याचा पत्ता तिथंच. आपण मिटता तेव्हा कोणता क्रमांक टाकता?

म्हणून मागणं थोडंच आहे. मिटताना आतलं रिकामं करा, किंवा “यात तीन रकाने भरलेले आहेत, ठेवू का?” असं मराठीत विचारा. स्वतः मिटलात की सक्तीलाही सुट्टी द्या. अर्ज अडला तर ज्या विभागानं अडवला तो स्वतःहून उघडा. आणि अखेरच्या छापील प्रतीत, जी शेतकरी घडी करून घरी नेतो तिच्यात, डेटाबेसात गेलेलं सगळं दिसू द्या, झाकलेलंसुद्धा. कागदावर बटण दाबता येत नाही.

आपला,
विश्वासू / अविश्वासू
(लागू नसेल ते खोडावे)

प्रत माहितीस्तव : ‘जतन करा’ बटण, त्याच अर्जाच्या तळाशी.