दही न मोडता

आत्याकडे कडीचा एक स्टीलचा डबा आहे. दोन लिटरचा, झाकणावर तिची आद्याक्षरं आणि ‘सन १९७१’ असं टिंबाटिंबांनी कोरलेलं. दर शिमग्याला, गावी निघायच्या आदल्या रात्री, ती त्यात विरजण लावते. सकाळी तो डबा जुन्या टॉवेलात गुंडाळते आणि मांडीवर घेऊन आमच्या गाडीत बसते. गावातलं घर वर्षभर बंद, गोठ्यात आता मोडके पंखे आणि पत्रे. पालखी दारात आली की देवीला घरच्या दह्याचा नैवेद्य हवा, तर ते दही पुण्याहूनच न्यावं लागतं.

पुणे, कराड, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण आणि तिथून गुहागर तालुक्यातलं आमचं गाव. घर उघडायच्याही आधी, ओटीवर टेकून, आत्या डब्याचं झाकण उघडते. “मोडलं,” एवढाच शब्द काढते, आणि माझ्याकडे न बघता काढते. एका वर्षी तर डब्यात कडेनं पाणी, मधे गुठळ्या आणि वर लोण्याचे कण, असं काहीतरी निघालं. त्या वर्षी देवीला शेजारच्यांच्या दह्याचा नैवेद्य झाला आणि आम्ही दोन दिवस कढी प्यायलो.

गाडीचं नाव मी सांगणार नाही. सतरा वर्षं इमानेइतबारे राबलेल्या जिवाची म्हातारपणी चारचौघांत अब्रू काढू नये. उंच आहे, चौकोनी आहे, डिझेल पिते, आणि सकाळी सुरू केली की सोसायटीत कुणाला घड्याळ लागत नाही. पुढं स्प्रिंगा, मागं पाटे. पंधरा वर्षं भरली तेव्हा आरटीओत पुन्हा पासिंग केलं, हरित कर भरला आणि तिला पाच वर्षांचं आयुष्य मागून आणलं. तिला खड्डा चुकवायची सवय नाही. ती तो मोजते.

दह्यावरून गाडी जोखायचा आत्याचा हा निकष मला तेव्हा अडाणीपणाचा वाटायचा. मग कधीतरी सित्रोएन कंपनीच्या एका फ्रेंच गाडीबद्दल वाचलं. १९३०च्या दशकात कंपनीचे प्रमुख प्येर बूलांजे यांनी आपल्या इंजिनिअरांना सांगितलं होतं की शेतकऱ्यासाठी अशी गाडी करा, जी दोन माणसं आणि पन्नास किलो बटाटे घेऊन जाईल, आणि नांगरलेल्या शेतातून गेली तरी टोपलीतलं एक अंडं फुटणार नाही. मधे महायुद्ध आलं, आणि ती ‘टू सीव्ही’ १९४८च्या ऑक्टोबरात पॅरिसमध्ये लोकांसमोर आली. पुढचं चाक आणि मागचं चाक त्यांनी स्प्रिंगांनी एकमेकांना जोडलं होतं, म्हणजे पुढच्यानं दणका खाल्ला की मागच्याला आधीच खबर. हे वाचलं आणि आत्याबद्दल आदर वाटला. तिनं फक्त अंड्याच्या जागी शाकाहारी पदार्थ घेतला होता.

तर गाडी आरामशीर करायची, असं मी ठरवलं. आणि जुन्या गाडीच्या बाबतीत माणूस काही ठरवतो तेव्हा आधी ती बिघडवतो.

पहिल्यांदा शॉकअप बदलले. दुकानदार म्हणाला, हेवी ड्यूटी टाका, दणके लागणार नाहीत. टाकले. मग भरलेली गाडी मागं बसते म्हणून एकानं सल्ला दिला, एक पाटा वाढवा. वाढवला. मग मुलाच्या आग्रहानं अलॉय आणि रुंद टायर. पूर्वी २१५/७५चे, पंधरा इंची रिमचे होते, आता २३५/६०, सोळा इंची. सोसायटीतल्या दोघांनी विचारलं, नवी घेतली का? त्या आनंदात मी पुण्याहून निघालो आणि पाटणच्या अलीकडेच आत्यानं मागून विचारलं, “अरे, गाडीला चाकं आहेत ना रे?”

गाडी सुधारत होती, असं मी शपथेवर सांगू शकलो असतो. स्टिअरिंग नीट, वळणावर झुकणं कमी, भरली तरी मागं बसत नाही. दही मात्र त्या वर्षी गाळून प्यावं असं झालं होतं. आत्याचं वय झालं, दूध पिशवीचं, विरजण आंबट, अशी बरीच कारणं मी मनाशी काढून ठेवली.

परतीच्या वाटेवर कराडच्या अलीकडे मागून कुई-कुई आवाज यायला लागला, म्हणून हायवेलगत ट्रकचे पाटे करणाऱ्या एका मिस्त्रीकडे थांबलो. चिंचेच्या सावलीत ऐरण, दोन घण, आणि काळ्या पाट्यांच्या चळती. मिस्त्री साठीचे, कानात विडी खोचलेली. त्यांनी गाडीकडे पाहिलंच नाही. आधी तिच्या मागच्या कोपऱ्यावर दोन्ही हात ठेवून अंगाचा भार टाकला आणि सोडला. गाडी दबलीच नाही. पुन्हा दाबली. मग माझ्याकडे पाहिलं.

“सायेब, तुमी कुठं बसता?”

“पुढं. मीच चालवतो.”

“आन मागं कोन बसतं?”

आत्या पाय मोकळे करायला उतरली होती. मी तिच्याकडे बोट दाखवलं.

“मग तुमास्नी काय ठावं?” असं म्हणून त्यांनी किल्ली मागितली आणि मला मागच्या आडव्या बाकड्यावर बसवलं. त्या बाकड्यावर पाय लांब करता येतात म्हणून आत्यानं ते स्वतःच निवडलं होतं, आणि सतरा वर्षांत मी तिथं एकदाही बसलो नव्हतो. मिस्त्रींनी गाडी सर्व्हिस रोडच्या उखणलेल्या पट्ट्यावर घेतली. वेग तीसच्या आत असेल. पहिल्या खड्ड्याला मी टपाला लागलो. दुसऱ्याला जीभ चावली. तिसऱ्यानंतर वरची कडी दोन्ही हातांनी धरून बसलो, आणि मांडीवर डबा असता तर ती कोणत्या हातानं धरली असती, हा प्रश्न पडला.

लाज वाटायचं खरं कारण वेगळंच होतं. माझं सगळं लहानपण एसटीत गेलं. १९४८च्या जूनमध्ये पुणे-अहमदनगर अशी पहिली एसटी धावली, तेव्हापासून या राज्यात कुणालाही शिकवावं न लागलेलं एक शहाणपण आहे: शेवटच्या बाकावर बसू नये. मधली जागा दोन्ही चाकांच्या मधे असते. शेवटचा बाक मागच्या चाकाच्याही मागं असतो, आणि तिथला माणूस सी-सॉच्या टोकावर बसलेला असतो. हे ठाऊक असूनही मी गाडीचा आराम कायम स्टिअरिंगमागं बसून मोजत आलो होतो.

मिस्त्रींचं व्याख्यान पाना चालवत चालवत झालं. शॉकअप दणका खातो, हा लोकांचा भ्रम. दणका स्प्रिंग खाते, पाटा खातो. शॉकअपचं काम त्यानंतरचं, गाडीला झुलत राहू द्यायचं नाही. त्यातलं तेल बारीक भोकांतून ढकललं जातं आणि झुलण्याचा जोर उष्णता होऊन निघून जातो. शॉकअप गेला तर गाडी नाव होते, फार कडक घेतला तर बैलगाडी. आमची बैलगाडी झाली होती. त्यात पाटा वाढवलेला. भरलेल्या गाडीला तो बरा, पण वर्षातले तीनशेसाठ दिवस तीत मी एकटा आणि भाजीची पिशवी.

“पाच दिसांच्या वझ्यासाठी वरीसभर काठी गिळून बसलाय तुमी.”

कंपनांचा अभ्यास करणारे सांगतात की बसलेल्या माणसाच्या धडाला सेकंदाला चार ते आठ या गतीचे उभे धक्के सगळ्यात नकोसे असतात. सेकंदाला एखाद-दीड हेलकावा असला तर त्याचं अंग कुरकुरत नाही. म्हणून मोटारींच्या स्प्रिंगा साधारण त्या बेताच्या ठेवतात. ही आकडेमोड मी नंतर वाचली. मिस्त्रींनी त्याच गोष्टीसाठी हवेत हात पाळण्यासारखा हलवला होता.

वाढवलेला पाटा त्यांनी तिथल्या तिथं उतरवला. बाकीचे सोडवले तर एकमेकांना गंजानं चिकटलेले. पाट्यांना एकमेकांवरून सरकता आलं पाहिजे. ते सरकेनासे झाले की पाच पाट्यांचं एकच जाड लोखंड होतं. सतरा पावसाळ्यांनी ते काम केलं होतं. त्यांच्या पोरानं तारेच्या ब्रशानं घासून एकेक पाटा उजळला, टोकांशी प्लास्टिकच्या चकत्या बसवल्या, मधे ग्रॅफाइटचं काळं ग्रीस भरलं. बुश काढले तेव्हा त्यांनी एक माझ्या तळहातावर ठेवला. रबर म्हणायचं केवळ म्हणून, खारकेसारखा कडक आणि उभा चिरलेला.

नवे बुश घातले, पण बोल्ट आवळले नाहीत. नुसते हातानं फिरवून ठेवले, गाडी जॅकवरून खाली घेतली, दोनदा दाबून हलवली आणि मग स्वतः खाली सरपटत जाऊन आवळले. मी विचारलं, वर असतानाच का नाही? म्हणाले, गाडी टांगलेली असताना आवळला तर बुश त्याच वाकड्या बैठकीत अडकतो. गाडी जमिनीवर आली की त्याला सतत पीळ बसतो आणि सहा महिन्यांत फाटतो. पुण्यातल्या ज्या चकचकीत गॅरेजात मी पूर्वी दोनदा बुश बदलून घेतले, तिथं ते कसे आवळले होते हे मला आता आठवत होतं, आणि आठवायला नको होतं.

टायरचं त्यांनी दोन वाक्यांत आवरलं. आमच्या जुन्या टायरची कड एकशे एकसष्ट मिलिमीटर उंच होती, नव्याची एकशे एकेचाळीस. ती बोटाच्या जाडीची हवा म्हणजे फुकटची गादी, आणि ती मी पैसे देऊन काढून टाकली होती. वर पंपावरचा पोरगा चारही चाकांत डोळे मिटून चाळीस भरायचा. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर पुढं तीस, मागं बत्तीस असं सतरा वर्षं स्पष्ट लिहिलेलं होतं. त्याहून खाली मात्र जायचं नाही, हेही त्यांनी बजावलं. हायवेला कमी हवेचा टायर कड मुडपत तापतो आणि फुटतो.

पुण्यात येऊन मी हेवी ड्यूटी शॉकअप काढले, साधे टाकले. अलॉय विकले आणि पंधरा इंची जुनी लोखंडी रिमं माळ्यावरून खाली काढली. नवे टायर घेताना कडेवरचे चार आकडे वाचले, कितवा आठवडा आणि कुठलं साल, कारण दुकानात पडून राहिलेला टायरही वाळून कडक होतो. सगळा हिशेब मुलानं मोबाइलवर केला आणि पडद्यावरचा आकडा मला नुसता दाखवला, बोलला नाही. त्यातला अर्ध्याहून जास्त खर्च मी आधी केलेलं उलटं करण्याचा होता.

एक उपाय बिनखर्चाचा राहिला होता. मिस्त्रींनी तो पैसे मोजता मोजता सांगितला होता: “आन म्हातारीला मधी बसवा की.”

यंदाच्या शिमग्याला आत्या मधल्या सीटवर, तीही कुरकुर करत, पाय लांब होत नाहीत म्हणून. परीक्षा मात्र जुन्याच जागेवर व्हायला हवी, म्हणून डबा घेऊन मागच्या बाकड्यावर मी. गाडी बायको चालवत होती. कुंभार्ली घाट बऱ्यापैकी गेला. खरी गंमत गावाआधीच्या सड्यावर. तीन किलोमीटर जांभा दगड, वरची माती धुऊन गेलेली, आणि काही जागी पन्हळी पत्र्यासारख्या बारीक लाटा. मी डबा पोटाशी धरला. टॉवेलातून त्याचा गारवा लागत होता. लाटा आल्या तशी गाडी घरघरली, पण वर ती घरघर फक्त पायांना कळली. मग एक चर आला, मी उचलला गेलो, खाली आलो, आणि एकदाच आलो. पूर्वी एका चराचे तीन हप्ते असत.

“अगं, हळू!” मी तरीही ओरडलो.

“कुठं काय? मला तर लागलंसुद्धा नाही,” बायको आरशात न बघता म्हणाली. हे वाक्य कुणाचं होतं ते गाडीतल्या सगळ्यांना माहीत होतं.

मधल्या सीटवरून आत्या खिडकीबाहेर बघत म्हणाली, “यंदा रस्ता केलेला दिसतो.”

ओटीवर डबा उघडला. दही अख्खं. फक्त एका कडेला बोटभर चीर आणि तिच्यात चमचाभर पाणी. आत्यानं डबा उन्हाकडे तिरका धरला, चमच्यानं ते पाणी अलगद काढून तुळशीत टाकलं. मी उभाच होतो, खिशात कराडच्या मिस्त्रींनी सिगारेटच्या पाकिटावर लिहून दिलेला हिशेब घेऊन.

तिनं झाकण लावलं आणि आत हाक मारली, “सूनबाई, गाडी बरी येते हो तुला.”