भुतांच्या रिक्त जागा

कोकणातल्या भुतांची खाती पूर्वी व्यवस्थित वाटून दिलेली होती. पिंपळ मुंजाकडे, नदीचा डोह गिऱ्ह्याकडे, रानवाटा चकव्याकडे आणि या सगळ्यांवर देखरेख वेताळाची. ब्रह्मसमंध विद्वान असल्यामुळे त्याच्याकडे ठरावीक असं काम नव्हतं. जनतेसाठी नियमावलीही तयार होती. दिवेलागणीनंतर केर काढायचा नाही, नखं कापायची नाहीत, शीळ घालायची नाही, शेजाऱ्याकडे मीठ मागायचं नाही आणि सापाला साप म्हणायचं नाही. 'लांबडं' म्हणायचं, म्हणजे त्याला कळत नाही. प्रस्तुत लेखकाच्या आजीला हे सारं पोटकलमांसह पाठ होतं. त्याचा एकूण परिणाम असा, की रात्री अंथरुणाखेरीज अन्यत्र सापडलेल्या माणसाला सबळ कारण द्यावं लागे.

मग गावोगाव खांब आले, खांबांवर दिवे आले आणि भुतांच्या जागा रिकाम्या होत गेल्या. निदान कागदोपत्री तरी. चौकशी केल्यावर मात्र वेगळाच प्रकार उघडकीला आला आहे. त्या जागांवर पहिल्यापासून भलतेच कोणीतरी राबत होते. पगार तेवढा भुतांच्या नावाने निघत होता.

चकव्याचं प्रकरण घ्या. रात्री रानातून निघालेला माणूस तासन्‌तास चालतो आणि पुन्हा त्याच आंब्याखाली येऊन उभा राहतो. आपल्याकडे यावर जाणत्यांचा सल्ला होता की, मुकाट खाली बसावं, तंबाखू मळावी आणि उजाडायची वाट पाहावी. जर्मनीतल्या ट्युबिंगनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या लोकांना हा सल्ला कोणी दिलेला नसावा. त्यामुळे यान सौमान आणि त्याच्या सहकाऱ्यांनी काही माणसांना खरोखरच अनोळखी जंगलात आणि सहाराच्या वाळवंटात सोडलं, अंगावर जीपीएस बांधलं आणि सांगितलं, सरळ चाला. सूर्य दिसत होता तोवर मंडळी सरळ चालली. आभाळ भरून आल्यावर जंगलातले लोक गोल फिरू लागले, स्वतःच्याच वाटेला पुन्हा पुन्हा छेदून गेले आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. वाळवंटात रात्री चालणारा एक जण चंद्र होता तोवर नाकासमोर गेला. चंद्र ढगाआड गेल्यावर वळत वळत जिकडून आला होता तिकडेच निघाला. डोळे बांधून चालवलेल्यांनी तर कधी कधी जेमतेम वीस मीटर व्यासाची वर्तुळं काढली. 'सरळ' म्हणजे कुठे, याचा डोक्यातला अंदाज पावलागणिक किंचित चुकत जातो, चुका साठत जातात आणि चंद्रसूर्याने हटकलं नाही तर माणूस फिरून आंब्याखाली येतो, असा त्यांचा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे चकवा रानात नव्हता, घरातूनच बरोबर निघाला होता. तंबाखूचा सल्ला मात्र शास्त्रशुद्ध ठरला.

दुसरं भूत याहून बेरकी. ते डोळ्याच्या कोपऱ्यात दिसतं आणि वळून नीट पाहिलं की नाहीसं होतं. ज्याने ज्याने ते पाहिलं त्याने हेच सांगितलं, आणि ऐकणाऱ्याने त्याला हसण्यावारी नेलं. हे बरं झालं नाही, कारण साक्ष तंतोतंत खरी होती. डोळ्याच्या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूच्या आकाराच्या पेशींना रंग आणि बारकावे कळतात, पण त्यांना उजेड लागतो. दंडगोल पेशींना रंगांतलं काही कळत नाही, पण अंधारात त्याच कामाला येतात. आपण ज्या बिंदूने एखाद्या गोष्टीकडे रोखून पाहतो, त्या नेमक्या मध्यावर दंडगोल पेशीच नाहीत. म्हणून काळोखातली अंधूक वस्तू कडेने दिसते आणि रोखून पाहताच पुसली जाते. आकाशनिरीक्षण करणारे लोक हीच युक्ती रोज वापरतात: फिकट तारा बघायचा तर त्याच्या जरा बाजूला बघायचं. वांगणीच्या माळावर अमावास्येच्या आसपास जमलेली मंडळी अशी रात्रभर भलतीकडेच पाहत असतात. त्यांना कोणी भुताटकी म्हणत नाही, कारण त्यांच्याकडे दुर्बीण असते.

या दंडगोल पेशींना अंधारात पुरतं कामाला लागायला वीस ते तीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ खिशातल्या मोबाइलला हात लावायचा नाही, एवढीच अट. भूत दिसण्याचं प्रमाण अलीकडे का घटलं, याचं यापेक्षा पटणारं कारण प्रस्तुत लेखकाला अजून मिळालेलं नाही.

हडळीच्या जागेवर गव्हाणी घुबड काम करत होतं, असा दाट संशय आहे. पुरावा पाहा. पांढरंफेक, बदामी आकाराचं तोंड. मुक्काम पडक्या वाड्यात किंवा देवळाच्या शिखरात. उडताना पंखांचा आवाज शून्य आणि अधूनमधून कानठळ्या बसवणारी किंकाळी. आता उलट्या पावलांचा मुद्दा उरतो. तर घुबडाला पायाचं बाहेरचं बोट हवं तेव्हा मागे वळवता येतं. एवढ्यावर कुठलंही न्यायालय हडळीची निर्दोष मुक्तता करील.

पण या पक्ष्याची खरी करामत पुढे आहे. त्याचे दोन कान समान उंचीवर नसतात, एक जरा वर आणि एक जरा खाली. त्यामुळे आवाज डावीकडून आला की उजवीकडून एवढंच नव्हे, तर वरून आला की खालून हेही त्याला कळतं. रॉजर पेन या अमेरिकी शास्त्रज्ञाने खोली काळीकुट्ट केली, जमिनीवर पाचोळा पसरला आणि घुबडासाठी उंदीर सोडला. घुबडाने उंदीर उचलला. हे वासावर चाललं असेल अशी शंका नको म्हणून पेनने मग पाचोळ्यातून कागदाचा बोळा ओढला. घुबडाने त्यावरही झडप घातली. कागदाचा नुसता सळसळाट ऐकून झडप घालणारे प्राणी सरकारी कचेऱ्यांत पूर्वीपासून आढळतात, पण त्यांच्यावर संशोधन झालेलं नाही. पेन महाशय पुढे देवमाशांच्या गाण्यांकडे वळले आणि जगप्रसिद्ध झाले.

पिंगळा आकाराने लहान आणि स्वभावाने व्यवहारी. त्याने विजेच्या खांबाविरुद्ध तक्रार केली नाही. तो खांबावरच जाऊन बसला. दिव्याभोवती जमणारे किडे तिथल्या तिथे मिळतात.

आता काजव्यांकडे वळू. तिथे गर्दी आहे. मे महिन्याचा शेवट ते पाऊस नीट बसेपर्यंतचे थोडे दिवस, भंडारदऱ्याच्या आसपास, पुरुषवाडीला, राजमाचीकडे हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशी झाडंच्या झाडं लुकलुकत असतात. एका झाडावर हजारो नर एकाच तालावर पेटतात आणि विझतात. ते पाहायला मुंबई, पुणे आणि नाशिकहून हजारो माणसं मोटारी घेऊन निघतात आणि घाटरस्त्यावर तीही एकाच तालावर ब्रेकचे लाल दिवे लावतात. काजव्यांना हे दृश्य कसं दिसत असेल, यावर कोणी लिहायला हवं.

पोचल्यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो: "चालू कधी होणार?" गावातला वाटाड्या सांगतो, "दिवे बंद करा, म्हंजे दिसतील." इथे मराठी मध्यमवर्गाची खरी परीक्षा होते. अंधार पाहायला सहा तास प्रवास करून आलेला गृहस्थ मोबाइलची बॅटरी विझवायला तयार नसतो, कारण अंधारात पायाखाली काही आलं तर? मग कोणीतरी फ्लॅश मारून काजव्याचा फोटो काढतो. फोटोत झाड येतं, मेहुणे येतात, काजवा येत नाही. वनखातं दर वर्षी वेळेचे आणि उजेडाचे नियम लावतं ते याचसाठी.

नियमांमागचं कारण साधं आहे. काजव्याचा प्रकाश म्हणजे स्थळ पाहण्याचा कार्यक्रम असतो. नर ठरावीक लयीत चमकून आपली जात सांगतो. मादी बहुधा खाली, पानागवतात बसलेली असते. पसंत पडला तर ती मोजका वेळ थांबून एकदा उत्तर देते. मध्येच मोटारीचा हेडलाइट आला की मुलीचा होकार वाहून जातो. वेळही फारसा नसतो, कारण पंख फुटलेल्या काजव्याचं आयुष्य दोन-तीन आठवड्यांचं. बऱ्याच जातींचे प्रौढ काजवे या काळात जवळजवळ काही खातसुद्धा नाहीत. त्यांनी आधी अळीच्या वयात गोगलगायी भरपूर हाणलेल्या असतात. पद्धत अशी: गोगलगायीला चावून विष टोचायचं, ती बधिर झाली की पाचक रस सोडून तिचा तिथेच रस्सा करायचा आणि प्यायचा. 'इवलासा काजवा' म्हणून कविता करणाऱ्यांनी ही माहिती दुर्लक्षिलेली दिसते.

प्रकाशाचं रसायन आणखी नवलाचं. पोटाच्या टोकाशी ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य असतं, ल्युसिफेरेज हे विकर त्याचा प्राणवायूशी संयोग घडवतं, आणि त्यातली ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर पडते, उष्णता जवळजवळ जाणवत नाही. आपल्याकडे पिवळ्या बल्बने अनेक वर्षं खोली तापवली आणि सवडीने उजळली. त्या मानाने हा किडा फारच पुढे होता. अमेरिकेत मात्र या व्यवहारातही फसवणूक शिरली आहे. फोट्युरिस जातीची मादी दुसऱ्याच जातीच्या मादीची लय हुबेहूब उचलते, त्या जातीचा नर आशेने उतरला की त्याला खाऊन टाकते. जेम्स लॉइड यांनी १९६५मध्ये हे जगापुढे मांडलं. विवाहविषयक संकेतस्थळं यायला तेव्हा अवकाश होता.

पावसाळा लागल्यावर हौशी मंडळी जुनी पांढरी चादर दोरीवर टांगतात, तिच्यासमोर दिवा लावतात आणि पतंग मोजत बसतात. जाणारा-येणारा विचारतो, "एवढ्या रात्री कपडे वाळत?" चादरीवर मात्र सोनेरी, हिरवे, मखमली, लाकडाच्या ढलपीसारखे, पक्ष्याच्या विष्ठेसारखे असे नाना वेषांतले पाहुणे उतरतात. पतंग दिव्याकडे का येतात, यावर उर्दू आणि मराठी कवींनी शतकानुशतकं एकच उत्तर दिलं: प्रेम. २०२४च्या जानेवारीत शास्त्रज्ञांनी अतिवेगवान कॅमेऱ्यांनी कीटकांची उड्डाणं टिपून जे दाखवलं त्याने बऱ्याच गझला अडचणीत आल्या. उडणारा कीटक आपली पाठ उजेडाकडे ठेवतो, कारण लाखो वर्षं रात्री जास्त उजेड असलेली बाजू म्हणजे आकाश, म्हणजे वरची बाजू. दिवा शेजारी आला की बिचारा दिव्यालाच आभाळ समजून कलंडतो, गोल फिरतो आणि अडकतो. दिव्याच्या वर गेलेले कीटक तर सरळ उलटे होऊन कोसळले. ज्योतीवर जीव ओवाळणं वगैरे काही नाही. बिचाऱ्याला वर-खाली कळेनासं होतं. हेच प्रेम आहे असं कवींचं म्हणणं असेल तर लेखकाचा वाद नाही.

चादरीची मंडळी कधी कधी अतिनील किरणांची बॅटरीही बाळगतात. ती दगडाच्या कपारीत मारली की विंचू हिरवानिळा उजळतो. त्याच्या कवचातली काही द्रव्यं हा उजेड पकडतात. नुकती कात टाकलेला विंचू असा चमकत नाही. महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६मध्ये रुजू झाले, तेव्हा कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशाने दवाखान्यात आलेल्यांपैकी मरणाऱ्यांचं प्रमाण चाळीस टक्क्यांच्या घरात होतं. रक्तदाबासाठीचं प्राझोसिन हे औषध त्यांनी या दंशावर वापरलं आणि ते प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आणलं. अंधारात पायाखाली काही येईल या भीतीला, म्हणजे त्या मोबाइल न विझवणाऱ्या गृहस्थाच्या भीतीला, निदान एवढा तरी आधार होता.

वेताळाच्या जागेसाठी उमेदवार एकच आहे. २००९मध्ये नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरला एक वयस्क बिबट्या विहिरीत पडला. त्याला बाहेर काढलं, गळ्यात जीपीएसचा पट्टा घातला आणि माळशेज घाटात सोडलं. विद्या अत्रेय यांच्या अभ्यासगटाने त्याचं नाव आजोबा ठेवलं होतं. आजोबा तिथे थांबले नाहीत. शेतं, वस्त्या, महामार्ग, रेल्वेचे रूळ असं सारं ओलांडत महिनाभरात त्यांनी सुमारे १२० किलोमीटर अंतर कापलं आणि मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात दाखल झाले, तेही ज्येष्ठ नागरिकांसाठीची एसटीची सवलत न घेता. वाटेत त्यांनी कोणालाही इजा केली नाही. माणसं झोपल्यावर चालायचं आणि उजाडल्यावर दडून राहायचं, एवढंच त्यांचं धोरण. २०१४मध्ये त्यांच्यावर मराठी चित्रपट आला. अकोले तालुक्यात जंगल जवळजवळ नसलेल्या भागात कॅमेरे लावून अत्रेय यांनी पाहणी केली, तेव्हा शंभर चौरस किलोमीटरमागे पाचाच्या आसपास बिबटे निघाले. शिवाय तरसं वेगळी. हे सगळे उसात राहून गावाच्या अंगणातून रात्री ये-जा करत होते आणि गाव टीव्हीवर मालिका पाहत होतं.

ज्यांना उसात जाणं झेपत नाही अशांसाठी सोसायटीची गच्ची असते. जुलै-ऑगस्टमध्ये कोणाच्या तरी कुंडीत ब्रह्मकमळ फुलायला येतं. खरं ब्रह्मकमळ हिमालयात, बर्फाच्या शेजारी उगवतं. आपल्या कुंडीतलं हे मध्य अमेरिकेतलं निवडुंग आहे, ही गोष्ट कोणी सांगितली तरी लगेच विसरायची असते. पांढरा रंग आणि रात्रीचा घमघमाट ही त्याची सोय निशाचर पतंगांसाठी. इथे वाट पाहायला पतंग नसतात. गाउनवर शाल घेतलेल्या काकू, बनियनवरचे सेक्रेटरी, झोपेतून उचलून आणलेली मुलं आणि हळदीकुंकवाचं तबक असतं. साडेदहाला पाकळ्या सैल होतात. अकराला पहिला फोटो ग्रुपवर पडतो. फूल पहाटेपर्यंत मान टाकणार, म्हणून घाई चाललेली असते आणि तेवढ्यात जिन्यातून आवाज येतो, "आरती सुरू करू नका हो, तळमजल्याचे काका कवळी लावून येतायत!"