संस्थापक अध्यक्ष

“गुरुजी, लेटरहेड हाये का जवळ?” असा फोन आला की मी समजतो, शिर्डीत कुणीतरी जखमी झालंय. कुत्रं, फलंदाज, नाहीतर अध्यक्षांचा मान.

अध्यक्ष माझे विद्यार्थी, सातवी ‘ब’चे. मॉनिटर दुसराच होता, पण बडबड करणाऱ्यांची नावं फळ्यावर हेच लिहायचे. आज ते तीन संस्था चालवतात. एक भटक्या जनावरांची, एक टेनिस बॉल क्रिकेट लीगची आणि एक तालमीची. कार्यकर्ते तिन्हीकडं तीच आठ पोरं, फक्त टी-शर्टचा रंग वेगळा. गुरुवारी यातलं काहीच चालत नाही. त्या दिवशी पालखी, आणि पोरं हार-प्रसादाच्या दुकानांवर नाहीतर लॉजच्या काउंटरवर अडकलेली. चिटणीसही तिन्हीकडं एकच, मी. माझं अक्षर वळणदार आहे, एवढाच माझा गुन्हा.

जनावरांच्या संस्थेचे अध्यक्ष कुत्र्याला हात लावत नाहीत. लहानपणी चावलं होतं. पोटात चौदा इंजेक्शनं घ्यायचा तो काळ. कुत्रं पकडलं जात असताना ते जीपमध्ये काच वर करून बसतात आणि आतून बोटानं दाखवतात.

पण शिर्डीतलं कुत्रं पकडणं हे येरागबाळ्याचं काम नाही, हेही खरं. तर्खडबाईंनी दारातल्या भुकेल्या कुत्र्याला भाकरी घातली आणि संध्याकाळी मशिदीत बाबांनी ‘माझंच पोट भरलं’ असं सांगितलं, ही साईसच्चरितातली गोष्ट भक्तांना तोंडपाठ. त्यामुळं हैदराबादचं कुटुंब लॉजवर बॅगा टेकवायच्या आधी बिस्किटाचे पुडे फोडतं. परगावची गाडी पॉलिशवाल्या दलालांच्या आधी आमची कुत्री ओळखतात. अशा कुत्र्यावर जाळी पडली की भाविक बाया आडव्या येतात, “अहो, बाबा आहेत ते!” मग जीपची काच दोन बोटं खाली येते. “ताई, बाबांनाच दवाखान्यात नेतोय.”

निर्बीजीकरण आणि रेबीजची लस झाली की कुत्रं जिथून उचललं तिथंच सोडायचं, असं २०२३ चे नियम सांगतात. ओळख पटावी म्हणून कानाचा तुकडा कापलेला असतो. अध्यक्षांना हा नियम जाचतो, कारण दुसऱ्या गल्लीत सोडलेल्या कुत्र्यामागं त्यांच्या लॉजची पाटी दिसत नाही. म्हणून कुत्रं आधी लॉजसमोर सोडतात, फोटो होतो, मग पोरं त्याला रिक्षात घालून त्याच्या गल्लीत पोचवतात. रिक्षाभाडं मी ‘किरकोळ’मध्ये दाखवतो.

तालमीत आता एक कॅरमबोर्ड आणि एक गदा आहे. गदा रामनवमीच्या कुस्त्यांच्या हगाम्यात कुणा पैलवानाला द्यायची राहून गेलेली. पण तालमीचा खरा ऐवज म्हणजे तिची पाटी. पहिल्या पाटीवर ‘स्थापना १९९६’ होतं. ते खरं होतं, रंगाऱ्याचे पैसे मीच दिले होते. पाटी गंजली, नवी आली ती १९७२ ची. म्हणाले, “दुष्काळात इथली पोरं खडी फोडायची, गुरुजी. व्यायामच की तो!” तिसरी १९१८ ची. त्या साली, बाबांच्या समाधीच्या सात दिवस आधी, दरवेशांनी गाडीतून आजारी वाघ आणला, त्यानं बाबांसमोर प्राण सोडला आणि महादेवाच्या देवळाजवळ त्याला पुरलं. मी म्हटलं, “याचा तालमीशी काय संबंध?” तर म्हणाले, “जनावराची सेवा तेव्हापासून आहे ना गावात? संस्था दोन असतील, अध्यक्ष तर एकच.”

गेल्या लीगला त्यांचा संघ अंतिम सामन्यात होता. शेवटच्या चेंडूला चार धावा हव्या होत्या. फलंदाजानं टोलवला, चेंडू सीमेकडं निघाला आणि एका कानकाप्या कुत्र्यानं तो मधेच तोंडात धरून पोबारा केला. पंचांनी डेड बॉल दिला. पुन्हा टाकलेल्या चेंडूवर त्रिफळा. समालोचकानं माइकवरून ‘प्राणीमित्र अध्यक्षांच्या कार्याची ही पावती’ असं जाहीर केलं. त्याचं मानधन अजून बाकी आहे.

त्या रात्री तातडीची बैठक झाली. पोरांच्या माना खाली. अध्यक्ष उठले. “अरे, मोहिद्दीन तांबोळीबरोबर कुस्तीत बाबासुद्धा हरले होते! मग काय केलं त्यांनी? पेहराव बदलला, कफनी घातली. आपण जर्सी बदलू.” टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, सातवी ‘ब’मध्ये त्यांनी निबंधात एवढं डोकं चालवलं नव्हतं. टाळ्या थांबल्यावर ते माझ्याकडं वळले. “गुरुजी, गावातला पहिला उरूस कधीचा?”

“१८९७.” माझी जीभ मला आधी चावता आली असती.

“उरूस म्हटला की हगामा आला. हगामा म्हटला की तालीम आली. बोलवा रंगाऱ्याला.”

परवा नवी पाटी लागली. निळ्यावर पिवळी अक्षरं, ‘स्थापना १८९७’. त्याखाली संस्थापक अध्यक्ष म्हणून त्यांचं नाव, आणि संस्थापक चिटणीस म्हणून माझं. माझा जन्म १९५४ चा.